डबा चोख, जेवण चोख, मग डाएट मोडतं कुठे? संध्याकाळी पावणेआठला, ओट्यापाशी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. वय 38, उंची 5 फूट 2 इंच, वजन 74 किलो, डोंबिवलीहून रोज सीएसएमटीला नोकरी, घरी नवरा, मुलगा आणि सासूबाई, स्वयंपाक मुख्यतः सासूबाईंच्या हातात. सहा वर्षांत चार वेळा डाएट केलं, दरवेळी महिना दीड महिन्यात पाचेक किलो उतरले आणि पुढच्या चार महिन्यांत व्याजासकट परत आले. तुम्ही विचारताय, माझ्यात विल पॉवरच नाहीये का, आणि सवयी लावायच्या म्हणजे नक्की काय करायचं.

मी एकोणीस वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून हेच काम करतेय, आधी हॉस्पिटलमध्ये आणि आता स्वतःच्या क्लिनिकमध्ये, आणि तुम्ही तीन दिवसांचं खाणं लिहून पाठवलंत ते फार बरं केलंत, कारण उत्तर त्यातच आहे. सकाळी पोहे किंवा उपमा. पावणेएकला डबा, दोन फुलके आणि भाजी. मग मशीनचा चहा, परत मशीनचा चहा. रात्री साडेनऊला जेवण, तेही मोजूनमापून. आणि मधे एक ओळ तिन्ही दिवशी तीच आहे, "7.40, घरी आल्यावर थोडा चिवडा". फुलके मोजून लिहिलेत, भाजीची वाटी लिहिलीत, चहात साखर किती तेही लिहिलंत, आणि चिवडा मात्र "थोडा". आमच्या धंद्यात "थोडा" हा शब्द दिसला की पेन तिथंच थांबतं.

हिशोब बघा. पावणेएक ते साडेनऊ म्हणजे पावणेनऊ तास, मधे दोन चहा, त्यात लोकलची गर्दी, सव्वा तास उभं राहून प्रवास. घरात शिरल्यावर पर्स खाली ठेवायच्या आधी हात ओट्यावरच्या डब्यात जातो, यात चारित्र्याचा काही दोष नाही हो, कुणाचाही जाईल, माझाही जातो. तळलेल्या चिवड्याच्या किंवा फरसाणाच्या 100 ग्रॅममध्ये 500 च्या आसपास कॅलरी असतात. उभ्याउभ्या तीन मुठी म्हणजे 80-90 ग्रॅम सहज, म्हणजे साडेचारशे कॅलरी, एक अख्खं जेवण, आणि पोट भरल्याचं समाधान शून्य कारण ते जेवण म्हणून खाल्लेलंच नसतं. मग त्याचा अपराधीपणा घेऊन रात्री भात बंद. दुसऱ्या दिवशी परत तेच.

त्यामुळे सवय लावायची ती आधी एकच, आणि ती साडेनऊच्या ताटातली नाही तर सव्वापाचची. ऑफिसचा कॉम्प्युटर बंद करण्याआधी खायचं. घरी पोचल्यावर नाही, स्टेशनवर नाही, गाडीत जागा मिळाली तर बघू असंही नाही (मिळत नाही). कॉम्प्युटर बंद करणं ही गोष्ट तुम्ही रोज करताच, तिच्या आधी खाणं जोडून द्यायचं. काय खायचं? भाजलेले फुटाणे एक मोठी मूठ, म्हणजे 35-40 ग्रॅम, त्यात सातआठ ग्रॅम प्रोटीन येतं, आणि सोबत एक पेरू किंवा केळं. फुटाण्यांचा कंटाळा आला तर डब्यात जास्तीची एक छोटी डबी, उकडलेलं अंडं चालत असेल तर ते, नाहीतर मटकीची कोरडी उसळ वर कांदा टोमॅटो. दीडदोनशे कॅलरी होतील. लोक इथे अडतात, म्हणतात मॅडम मी वजन कमी करतेय आणि तुम्ही खाणं वाढवताय. हो वाढवतेय, कारण पाचला दोनशे खाल्ले की पावणेआठचे साडेचारशे वाचतात.

फुटाणे अर्धा किलो एकदम आणून ड्रॉवरमध्ये ठेवा. रोज घरून न्यायचे ठरवलेत तर बुधवारी विसराल, आणि सवय मोडते ती अशीच, कंटाळून नाही, डबी घरी राहिली म्हणून.

आणि एक लेडीज डब्यातल्या ग्रुपचं. कुणाचा वाढदिवस, कुणाचं प्रमोशन, कुणी ढोकळा आणलाय, नवरात्रात तर रोजच कायतरी. ते बंद करू नका, त्या मैत्रिणी आहेत म्हणून तर तो प्रवास सुसह्य आहे. फक्त पोट भरलेलं असेल तर एक तुकडा खाऊन डबा पुढे सरकवता येतो, रिकाम्या पोटी नाही सरकवता येत.

आता रात्रीचं. तुम्ही लिहिलंय की नवरा सव्वानऊला येतो म्हणून सगळे साडेनऊला एकत्र जेवतात. एकत्र जेवायची पद्धत चांगली आहे, मोडू नये असं माझंही मत, पण तुम्ही पावणेआठला घरी येता आणि साडेनऊपर्यंत ओट्याजवळ वावरता, हे पावणेदोन तास घातकी आहेत. दोन मार्ग आहेत. एक, तुम्ही आणि मुलगा साडेआठला जेवून घ्या आणि नवरा आला की ताकाचा ग्लास घेऊन त्यांच्यासोबत बसा. दुसरा, जेवण दोन भागात करा, घरी आल्यावर हातपाय धुवून खाली बसून एक वाटी उसळ आणि काकडी गाजर, आणि मग सगळ्यांसोबत पोळी भाजी. माझ्या पेशंटपैकी बहुतेकांना दुसरा मार्ग झेपतो कारण घरात वाद होत नाही. आणि चिवड्याचा डबा ओट्यावरून उचलून वरच्या कप्प्यात मागे ठेवा, ज्याला हवा त्याने स्टूल घेऊन काढावा. हसू नका, स्टूल घ्यायला लागतं म्हणून निम्म्या वेळा माणूस सोडून देतो.

सवय किती दिवसात लागते हे सगळे विचारतात, आणि सगळ्यांच्या डोक्यात 21 दिवस बसलेलं असतं. ते आलंय अमेरिकेतल्या एका प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणातून, चेहरा बदललेल्या पेशंटना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान एवढे दिवस लागतात म्हणून, त्याचा खाण्याशी काही संबंध नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये 96 जणांवर प्रत्यक्ष मोजून बघितलं, निष्कर्ष 2009-10 च्या सुमारास छापून आले, त्यात रोजच्या एका छोट्या गोष्टीची सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतात असं दिसलं, पण सरासरीवर जाऊ नका, माणसागणिक तो आकडा 18 पासून 254 पर्यंत होता. जेवणाबरोबर पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर जमते, व्यायामासारखी उशिरा. आणि त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा फरक पडत नव्हता. तुमचे चारही डाएट कसे सुटले ते आठवा. लग्न आलं, एक दिवस बिघडला, मग "आता गेलंच आहे तर सोमवारपासून परत" आणि तो सोमवार चार महिन्यांनी आला. एक दिवस गेला तर गेला, पुढच्या जेवणाला परत. सोमवारची वाट बघायची नाही.

पेपरात दिलेले 1000-1200 कॅलरीचे चार्ट का सुटतात त्याचीही एक जुनी गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने 36 तरुण, धडधाकट पुरुषांना 24 आठवडे साधारण निम्म्या आहारावर ठेवलं होतं, युद्धात उपासमार झालेल्या लोकांना परत कसं खायला घालायचं हे शिकण्यासाठी. हे स्वतःहून आलेले लोक होते. वजनं तर उतरलीच, पण डोक्यात दिवसरात्र जेवण. काहीजण रेसिपी जमवायला लागले, जेवण तासभर पुरवून पुरवून खायला लागले, आणि प्रयोग संपल्यावर कितीही खाल्लं तरी भूक भागेना. आता सांगा, तुम्ही चौथ्या आठवड्यात मोबाईलवर मिसळीचे व्हिडिओ बघत बसता असं लिहिलंय ते वेगळं काय आहे? शरीराला दुष्काळ कळतो, तो तुम्ही मुद्दाम पाडलाय हे त्याला कळत नाही. म्हणून कमी तोडा, जास्त दिवस टिकवा. महिन्याला दीड दोन किलो खूप झाले, तुमच्या मैत्रिणीचे महिन्यात आठ उतरले असतील तर उतरू देत.

माझी स्वतःची एक चूकही सांगून टाकते. प्रॅक्टिसच्या पहिल्या दोन वर्षांत माझ्याकडे छापील चार्ट असायचा, सकाळी चार बदाम, ग्रीन टी, ओट्स, अकरा वाजता सॅलड, असा. एकदा एक एसटी कंडक्टर आले, मुक्कामी गाडीवर ड्यूटी, शुगर नुकतीच निघालेली. मी चार्ट दिला, त्यांनी घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, मुक्कामाच्या गावाला ओट्स कुठं भिजवू?" मी गप्प. मग अर्धा तास बसून त्यांना विचारलं की तुम्ही कुठे कुठे उतरता, तिथे काय मिळतं, आणि निघालं काय तर थांब्यावरच्या हॉटेलात भाकरी पिठलं, शेंगदाणे, उसळ, ताक सगळं मिळत होतं, ते फक्त चहा आणि भजीवर भागवत होते कारण ते पटकन येतं. त्या दिवसापासून छापील चार्ट बंद. कुठल्याही माणसाला आधी विचारते, तू असतोस कुठे आणि वाढतं कोण.

तर तुमच्याकडे वाढतं कोण, तर सासूबाई. तुम्ही लिहिलंय "त्यांना सांगून उपयोग नाही, तेल कमी घाला म्हटलं की राग येतो". येणारच. पन्नास वर्षं स्वयंपाक करणाऱ्या बाईला सून येऊन सांगते तुमचं तेलकट होतं, तर ती काय टाळ्या वाजवेल का. सांगू नका, मागा. "आई, तुमच्या हातची काळ्या वाटाण्याची उसळ मला रोज डब्यात द्याल का, बाहेरचं खाणं बंद केलंय" असं म्हणून बघा. सोमवारी मटकी, मंगळवारी चवळी, बुधवारी मूग, गुरुवारी वाल, कडधान्याचं भिजवणं, फडक्यात बांधून मोड काढणं, बिरडं सोलणं हे सगळं त्यांचं साम्राज्य आहे, ते त्यांच्याकडेच राहू द्या. तुम्हाला फक्त वाटी मोठी हवी.

उसळीवर एवढा भर का, तर तुमच्या तीन दिवसांचं प्रोटीन मी मोजलं, ते रोज 35-40 ग्रॅमच्या पुढे जात नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2020 च्या शिफारशीत प्रौढ माणसाला किलोमागे 0.83 ग्रॅम सांगितलंय, म्हणजे तुमच्या 74 किलोला साठच्या आसपास हवं. आपलं पातळ वरण हे बहुतांशी पाणी असतं, आणि भाजी म्हणजे दुधी नाहीतर कोबी. घट्ट उसळीच्या वाटीत सातआठ ग्रॅम येतात, एका अंड्यात सहा, वाटीभर दह्यात चारपाच. हे वाढलं की भूक आपोआप उशिरा लागते, वेगळी विल पॉवर लागत नाही.

ताटाचं म्हणाल तर नवीन काही शिकायची गरज नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात ताटाचा निम्मा भाग भाज्या आणि फळं असं चित्र आहे. आपल्या ताटात डाव्या बाजूला कोशिंबीर होतीच की, तिची कालांतराने चमचाभर झाली आणि पोळ्यांची थप्पी वाढली एवढंच. कोशिंबीर वाटीभर करा आणि ती आधी खा, मग उसळ भाजी, मग पोळी, भात शेवटी आणि कमी. भाज्या आणि प्रोटीन आधी, पिष्टमय शेवटी, असं खाल्लं तर जेवणानंतर साखर कमी चढते हे डायबेटिसच्या पेशंटवर झालेल्या छोट्या अभ्यासांत दिसलंय, आणि दुसरा फायदा मला क्लिनिकमध्ये रोज दिसतो, तिसऱ्या पोळीपर्यंत पोचायच्या आत पोट भरतं. कोबी किसायला वेळ नसेल तर अख्खी काकडी हातात घेऊन खा, सजवायची काही गरज नाही.

तेलाचं मात्र मोजल्याशिवाय कळत नाही, आणि भांडणाशिवाय मोजायची एक युक्ती आहे. नवा पाच लिटरचा कॅन फोडला की त्यावर मार्कर पेनने तारीख लिहा, बाकी काहीच बोलू नका. कॅन संपला की परत तारीख. पाच लिटर तेल म्हणजे साडेचार किलोच्या वर वजन. चार माणसांत ते महिन्यात संपत असेल तर माणशी रोज 38 ग्रॅम होतात, म्हणजे साडेसातआठ छोटे चमचे, तीनशे चाळीस कॅलरी निव्वळ तेलाच्या, आणि त्यात बाहेरचा वडा धरलेलाच नाही. तोच कॅन पन्नास दिवस चालला तर माणशी 23 ग्रॅमवर येतं, रोजच्या 130 कॅलरी कमी, आणि जेवणात कुणाला फरक कळत नाही. एका पेशंटच्या घरी तर सासूबाईंनाच त्या तारखांची गंमत वाटायला लागली, "या वेळी बेचाळीस दिवस" असं त्या शेजारी सांगायच्या. युक्ती एकच, फोडणीला कॅनमधून किंवा बरणीतून थेट ओतायचं नाही, छोट्या पळीने घ्यायचं. ओतताना हात कधीच कमी होत नाही.

चहाचं पटकन. घरचे दोन आणि मशीनचे दोन, चार कप, प्रत्येकी दोन चमचे धरले तर 40 ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम म्हणते. एकदम बिनसाखरेचा करू नका, चार दिवसांत सोडाल. घरच्या कपात दर दोन आठवड्यांनी अर्धा चमचा कमी, जीभ तेवढ्यात जुळवून घेते. मशीनचा मात्र एक कप बंदच करा, तो तुम्ही चवीसाठी पीतच नाही, उठायला निमित्त म्हणून पिता, तर उठा आणि पाणी प्या.

उपास. तुम्ही एकादशी, चतुर्थी आणि श्रावणातले सोमवार धरता, आणि लिहिलंय की "उपासाच्या दिवशी तरी डाएट होतं". नाही होत हो ताई! एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण काय उगाच पडली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात दाण्याचं कूट, तूप, बटाटा, एक प्लेट चारशेच्या पुढे जाते, आणि तीन तासांत परत भूक. उपास सोडा असं मी कधीच सांगत नाही, श्रद्धेचा भाग आहे. भगर आणि दाण्याची आमटी, सोबत दही, एखादं फळ, राजगिऱ्याची भाकरी, असं बसून एक वेळचं जेवण करा. खिचडी हवीच तर वाटीभर, ताक घेऊन, आणि वेफर्सचं पाकीट उपासाचं म्हणून पवित्र होत नाही.

झोप तुम्ही कुठे लिहिलीच नाहीत पण हिशोबावरून साडेबारा ते साडेपाच दिसतेय. शिकागोला 2022 मध्ये कमी झोपणाऱ्या 80 जाड माणसांवर एक प्रयोग झाला, निम्म्यांची झोप तासाभराच्या वर वाढवली, खाण्याबद्दल काही सांगितलं नाही, तरी त्यांचं खाणं दिवसाला सरासरी 270 कॅलरींनी कमी झालं. लोकल पकडणाऱ्या बाईला लवकर झोपा म्हणणं मला जिवावर येतं, पण अर्धा तास मोबाईलमधून काढता येईल का ते बघा.

वजन रोज करू नका. आठवड्यातून एकदा, शनिवारी सकाळी, उपाशीपोटी, त्याच काट्यावर. आदल्या रात्री पापड लोणचं झालं की पाण्यानेच किलोभर वर दिसतं आणि त्या किलोभराने माणूस खचतो. त्यापेक्षा शिंप्याची टेप घ्या आणि महिन्यातून एकदा कंबर मोजा. आपल्याकडच्या बायकांसाठी 80 सेंटिमीटर ही रेघ आहे, तुम्ही 92 लिहिलीत, तर आधी 88 बघू. थायरॉईड आणि तीन महिन्यांची सरासरी शुगर, म्हणजे एचबीएवनसी, वर्षभरात केली नसेल तर एकदा करून घ्या.

पहिले तीन आठवडे यातलं फक्त सव्वापाचचं खाणं करा. बाकी सगळं वाचून ठेवा पण हात लावू नका, चिवडा खाल्ला तरी चालेल, फक्त वहीत मूठ किती ते लिहा. मग उसळ. मग तेलाचा कॅन. सगळं एकदम सुरू केलंत तर आपण पाचव्या डाएटबद्दल बोलत असू.

आणि शेवटी एक महत्त्वाचं, ते तुम्ही ओझरतं लिहिलंय. सासूबाईंना शुगर आहे आणि गोळ्या चालू आहेत. घरात उसळ वाढली, भात पोळी कमी झाली की त्याही नकळत कमी खातील, चांगलंच आहे, पण काही गोळ्यांवर असताना खाणं अचानक कमी झालं तर शुगर खाली जाऊ शकते. त्यांच्या डॉक्टरांना गोळ्यांचं पाकीट दाखवून आधी विचारा. घाम, थरथर, गरगरणं असं काही वाटलं तर ग्लुकोमीटरवर बघा, 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि पंधरा मिनिटांनी परत मोजा. मशीन हाताशी नसेल तर मोजायला थांबू नका, साखरेचं पाणी आधी द्या. शुद्ध हरपत असेल तर मात्र तोंडात काही घालू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.